नाक दरीकडे

आमच्या सल्लेभंज्यांगच्या खिंडीत गाडी शिकणाऱ्याचा पहिला धडा क्लचचा किंवा गिअरचा नसतो, गाडी उभी करण्याचा असतो. नाक डोंगराला, शेपूट दरीला आणि मागच्या चाकाला दगड. नाक दरीकडे करून इथे कोणी गाडी उभी करत नाही. आमच्या लँडरोव्हर साठ-साठ वर्षांच्या, त्यांचे हँडब्रेक नावापुरते. शिवाय दरीकडे तोंड करून उभी केलेली गाडी मनातल्या मनात निघायची तयारी करते, असं जुने ड्रायव्हर शपथेवर सांगतात. मला हा धडा माझ्या नवऱ्यानं, धनहांगनं, सात वेळा दिला. बायकोच्या डोक्यात एका वेळी काही शिरत नाही, अशी त्याची लग्नापासूनची समजूत आहे.

एकोणीस नंबरची गाडी त्यानं एकतीस वर्षं चालवली. बाजारातून पाहुणे भरायचे, दगडाधोंड्यांच्या रस्त्यानं संदकफूच्या शिखरावर पोचवायचे आणि दुसऱ्या दिवशी उतरवायचे. स्टँडवर ज्याचा नंबर, त्याची पाळी. गाडी कितीही जुनी झाली तरी चालते, पण नंबर गेला तर त्या गाडीत कोंबड्याच पाळायच्या. मागच्या वर्षी धनहांगच्या उजव्या गुडघ्यानं राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले, गाडी बंद. मी म्हटलं, "मी चालवते." तो इतका हसला की त्याला ठसका लागला. मी पाठीवर धपाटे घातले, जरा जोरातच घातले, आणि दुसऱ्या दिवशी लायसन्सचा अर्ज भरून आले.

लायसन्स मिळून चार महिने झाले. स्टँडवर चाळीस गाड्या आणि एकोणचाळीस मिशा, असं मी मोजून ठेवलं होतं. धनहांग प्रत्येक फेरीला माझ्या शेजारी बसायचा. तोंडानं काही बोलायचा नाही, पण वळण आलं की त्याचा उजवा पाय खालचा पत्रा दाबायचा. तिथे ब्रेक नाही, काही नाही. तरी दाबायचा, गुडघा दुखला की "आया" करायचा, आणि पुढच्या वळणाला पुन्हा दाबायचा. त्याच्या पायाखालच्या रबरी चटईला भोक पडलं होतं. मला त्या भोकाचा फार राग यायचा.

गुरासची लाल फुलं फुलायला लागली, पाहुण्यांची रीघ लागली, आणि नेमका तेव्हाच ब्रेकचा मुख्य सिलिंडर गळायला लागला. तसला जुना सिलिंडर आता मिळत नाही. गोरेमान मिस्त्रीनं दुसऱ्या कुठल्याशा जीपचा सिलिंडर आणला, लोखंडी अँगल वेल्डिंग करून त्यावर बसवला आणि हात पुसत म्हणाला, "घे बैनी, आता नातवंडांपर्यंत बघायला नको." मी पेडलवर पाय ठेवला. पाय लोण्यात गेल्यासारखा आत गेला.

ब्रेकच्या तेलात हवा राहिली की असं होतं. तेल दबत नाही, हवा दबते. पायाचा जोर चाकापर्यंत पोचायच्या आत ती मधल्या मध्ये खाऊन टाकते. पटापट तीन-चार वेळा पेडल मारलं तर कुठे ब्रेक लागायचा. सपाट रस्त्यावर माणूस तेवढ्यावर भागवेल. आमच्याकडे सपाट असं फक्त जेवायचं ताट असतं.

हवा काढायची रीत सोपी आहे. चाकापाशी एक बारीक स्क्रू असतो, त्याला नळी लावून नळीचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवायचं. एकानं पेडल दाबायचं, दुसऱ्यानं स्क्रू ढिला करायचा, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर येतात. बुडबुडे थांबले की काम झालं. गोरेमान चाकाखालून ओरडायचा, "दाब! धर! सोड!" आणि मी दाबायची, धरायची, सोडायची. सोमवारी चारही चाकं झाली. बाटलीत एक बुडबुडा नाही, आणि पेडल तसंच लोणी.

मंगळवारी त्यानं चाकांतले रबर बदलले. बुधवारी रबरी नळ्या बदलल्या, ब्रेकच्या पट्ट्या ड्रमला टेकवून घेतल्या, पुन्हा दाब-धर-सोड. पेडल मऊच. गोरेमान आमच्या खिंडीतला सगळ्यांत भारी मिस्त्री. इंजिनाचा आवाज ऐकून गाडीचा नंबर सांगतो. असा माणूस स्वतःच्याच कामापुढे हात टेकायला लागला की आधी चिडतो तो गिऱ्हाइकावर.

"तू पेडल नीट दाबत नाहीस, बैनी."

"मग काय लाडानं दाबते?"

"बाईमाणसाचा पाय हलका असतो."

"ठेवून दाखवू का कुठे?" मी म्हटलं.

बाकावर बसलेला धनहांग खाली मान घालून हसला. मग माझ्याकडे बघून हसायचं थांबला.

इतकं असूनही मी कसाबसा धीर धरला असता, पण शनिवारी स्टँडच्या कमिटीची ब्रेक-चाचणी होती. दर हंगामाला होते. गाडीत बटाट्याची आठ पोती भरायची, भालेढुंग्याच्या उतारावरून यायचं आणि चुन्याच्या रेघेच्या अलीकडे थांबायचं. तीनदा. एकदा जरी चाक रेघेपलीकडे गेलं तरी नंबर रद्द, आणि तो रांगेतल्या पुढच्या माणसाला. रांगेत नव्याकोऱ्या जीपवाले अकरा जण उभे होते.

कमिटीचा म्होरक्या फुर्बा. धनहांगपेक्षा बारा वर्षांनी लहान, त्याच्याच हाताखाली गाडी शिकलेला, म्हणून त्याला दाजू, म्हणजे दादा, आणि मला भाउजू, म्हणजे वहिनी म्हणणारा. बुधवारी संध्याकाळी तो गॅरेजवर आला, दारातून वाकून हातानं पेडल दाबलं आणि तोंड वाकडं केलं.

"भाउजू, हे ब्रेक आहेत का लोकरीचा गोळा?"

"शनिवारपर्यंत होईल."

"नाही झाले तर येऊ नका. उगाच चारचौघांत शोभा. दाजूंनी एकतीस वर्षं मानानं चालवली गाडी, मानानंच उतरू दे नंबर."

"मी बाई म्हणून बोलतोस?"

"बाई म्हणून नाही, ब्रेक म्हणून बोलतोय. मागे सहा परकी माणसं बसतात."

अर्धं तो खरं बोलत होता, म्हणून मला जास्त झोंबलं. ब्रेक नसलेली गाडी मीही कुणाच्या लेकराबाळांना घेऊन नेली नसती. पण उरलेलं अर्धं मला त्याच्या मिशांत दिसत होतं.

गुरुवारी मी रिकामी गाडी भालेढुंग्यावर नेऊन हळूहळू उतरवून बघितली, पहिल्या गिअरमध्ये, जीव मुठीत धरून. एक गोष्ट विचित्र वाटली. अर्ध्या उतारानंतर पेडल थोडं घट्ट लागायला लागलं. फार नाही, पण लागायला लागलं. खाली येऊन गॅरेजच्या अंगणात गाडी लावली, नाक डोंगराला, आणि चहा पिऊन परत बघते तर पुन्हा लोणी. मी गोरेमानला सांगितलं.

"पेडल नाही, भीतीनं तुझा पाय घट्ट झाला," तो म्हणाला आणि चुर्पीचा तुकडा गालात टाकून चघळत बसला. आमच्याकडचं हे सुकं चीज दगडासारखं असतं. तो चिडला की दिवसाला चार तुकडे संपवतो.

त्या दिवशी घरी आम्ही दोघं गुंद्रुकची आंबट पालेभाजी आणि भात जेवलो. शेवटी धनहांग म्हणाला, "बुढी, राहू दे. तू चार महिने चालवलीस, तेच पुष्कळ झालं." ते त्यानं इतक्या मायेनं म्हटलं की मला रडू आलं. टोमणा मारला असता तर मी भांडले असते. मायेशी कुठे भांडता येतं?

शुक्रवारी सकाळी नळ उचक्या द्यायला लागला. आमच्या घरी पाणी वरच्या झऱ्यावरून येतं, काळ्या प्लॅस्टिकच्या पाइपानं, जंगलातून मैलभर. तो पाइप सांभाळणं हे माझं पंचवीस वर्षांचं काम. धनहांग गाडी घेऊन जायचा, मी पाइपामागे जायची. गमबूट घालून मी वर निघाले. खडकाळ सोंडेपाशी कुणाच्या तरी गाईनं पाइप ढकलून एका मोठ्या दगडावर चढवला होता. पाइपाला तिथे उंटासारखं कुबड आलं होतं. आत हवा अडकली होती आणि पाणी तिच्याखालून थेंब-थेंब सरकत होतं.

हे मी शंभर वेळा निस्तरलं आहे. हवेला वर जायचं असतं. वरच्या टोकाला दार असेल तर निघून जाते, नसेल तर तिथेच मुक्काम ठोकते. वरून कितीही पाणी सोडा, ती हलत नाही. पाइप दगडावरून उतरवायचा, म्हणजे कुबड जातं, आणि हवा चढाचढानं झऱ्याच्या टाकीपर्यंत पळत जाऊन बाहेर पडते. मी पाइप उतरवला. आतून गुडगुड करत काहीतरी वर गेलं, टाकीत गडप असा आवाज आला आणि पाइप भरून जड झाला.

माझे हात चिखलात होते. मी तशीच उभी राहिले. मला टाकी दिसत नव्हती, मला तो नवा सिलिंडर दिसत होता, गोरेमाननं वेल्डिंग केलेल्या अँगलवर बसवलेला. मग मी जी पळत सुटले ती गमबुटांसकट गॅरेजात. वाटेत दोनदा पडले.

गोरेमान गालात चुर्पी धरून चहा पीत होता. धनहांग बाकावर. मी धापा टाकत गोरेमानला विचारलं,

"दाजू, डब्यातलं तेल सिलिंडरमध्ये उतरतं ते भोक कुठल्या टोकाला आहे? पुढच्या का मागच्या?"

"मागच्या. का?"

"आणि सिलिंडर बसवलाय कसा? सरळ?"

"पुढचं टोक बोटभर वर आहे. खाली स्टिअरिंगचा दांडा लागत होता."

"आणि चाकाकडे नळी जाते ती कुठून?"

"पुढच्या टोकाच्या बाजूनं. पण बैनी..."

"वरून नाही ना? बाजूनं. म्हणजे पुढच्या टोकाच्या माथ्याला हवा बसली तर तिला बाहेर जायला दार नाही. आणि गाडी तुमच्या अंगणात पाच दिवस कशी उभी आहे? नाक वर करून. म्हणजे ते टोक आणखी वर. आपण चाकातून हवा काढतोय, आणि ती चाकात नाहीच! काल उतारावर नाक खाली होतं तेव्हा ती मागे सरकली, म्हणूनच पेडल घट्ट झालं."

गोरेमानचा जबडा चघळता चघळता थांबला. तो उठला, बॉनेट उघडलं, सिलिंडरकडे बघितलं, मग अंगणाच्या चढाकडे बघितलं, मग पुन्हा सिलिंडरकडे.

"मग काय करायचं म्हणतेस?"

"गाडी फिरवायची. नाक दरीकडे."

गोरेमाननं अंगणाच्या कडेकडे बोट केलं. गॅरेजचं अंगण उतरतं आहे, आणि वीस पावलांवर ते संपतं. पुढे नुसतं धुकं.

"माझ्या अंगणात नाही," गोरेमान म्हणाला. "बत्तीस वर्षांत एक गाडी अशी उभी राहिलेली नाही. बापानं सांगितलंय."

"बापानं ब्रेक मऊ ठेवायला पण सांगितलं होतं का?"

"बैनी, तोंड सांभाळ."

मी धनहांगकडे बघितलं. सात वेळा धडा देणारा हाच माणूस. कुणी पाहुणा ड्रायव्हर चुकून तशी गाडी लावून गेला, तर स्वतः जाऊन फिरवून लावणारा. तो काठी टेकत उठला, गाडीपाशी आला आणि टपावर हात ठेवला.

"पाइपात असंच होतं?" त्यानं विचारलं.

"असंच."

"पंचवीस वर्षांत एकदा तरी घरचं पाणी दोन दिवस बंद राहिलंय का, गोरेमान?" तो म्हणाला. "मला तरी आठवत नाही. फिरव, बुढी."

मी पटापट पेडल मारत गाडी फिरवली आणि गोरेमाननं लाकडं ओढायचा साखळदंड आणला. एक टोक गाडीच्या मागच्या आकड्याला, दुसरं अंगणातल्या सल्ल्याला, म्हणजे पाइनच्या झाडाला, दोन वेढे देऊन. पुढच्या दोन्ही चाकांना दगड. गोरेमाननं मनातल्या मनात काहीतरी म्हणून झाडाला हात जोडले. मी आत बसूनच होते. काचेतून समोर डोंगर दिसायची सवय, तिथे आता नुसतं आभाळ होतं. मी हँडब्रेक आणखी एकदा ओढला, नावापुरता का असेना.

"जोरात दाबू नको," मी स्वतःलाच म्हणाले. मोठ्यानं सांगितलं, "दाजू, डब्याचं झाकण काढा आणि तेलात बघा. मी पेडलला फक्त बोटभर हात लावणार. हवेला घाई केलेली चालत नाही."

मी खाली वाकून पेडल हातानं हलकेच दाबलं आणि सोडलं. दाबलं आणि सोडलं.

"काही नाही," गोरेमान म्हणाला.

पुन्हा दाबलं. पुन्हा सोडलं. दहा वेळा. वीस वेळा.

"काही नाही. मी म्हटलं होतं की बाई... अरे! अरे अरे! थांब! नको थांबू! आला!"

"किती मोठा?"

"मक्याच्या दाण्याएवढा! आणखी एक! आणखी... बाप रे, ही तर रांग लागली!"

धनहांग काठी टाकून बॉनेटवर वाकला. दोन म्हातारी डोकी त्या एवढ्याशा डब्यावर एकमेकांना आपटली. कुणी "आया" केलं नाही. बुडबुडे येत राहिले, मोठे, मग मोहरीएवढे, मग आलेच नाहीत. मी सीटवर बसले आणि पेडलवर पाय ठेवला. दोन बोटं गेला आणि दगडाला टेकल्यासारखा थांबला. मी उभी राहून सगळा भार टाकला. हललं नाही.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण समोरच्या मोमोवाल्या काकी झारा घेऊन बाहेर आल्या.

गोरेमाननं गालातली चुर्पी थुंकली आणि कपाळावर चापट मारली. "पाच दिवस! पाच दिवस मी चाकात शोधतोय आणि ती वरती मजेत बसलीय." मग त्यानं मला काही न सांगता पाने उचलले, अँगल सोडवला, दांडा चुकवून मागच्या बाजूनं जाड चकत्या घातल्या आणि सिलिंडरचं पुढचं टोक खाली केलं, जेणेकरून हवा पुन्हा कधी तिथे मुक्कामाला येणार नाही. मी निघताना म्हणाला, "बैनी, तुझा पाय हलका नाही." आमच्याकडे मिस्त्री याहून जास्त माफी मागत नाहीत.

शनिवारी दहा वाजता भालेढुंग्यावर अख्खा बाजार जमला होता. बटाट्याची आठ पोती भरली. नियमाप्रमाणे शेजारच्या सीटवर फुर्बा बसला, लोकरी टोपी घालून, थर्मास मांडीत घेऊन. धनहांगला खाली रेघेपाशी उभं राहावं लागलं.

"भाउजू, अजून वेळ आहे," फुर्बा म्हणाला.

"थर्मासचं झाकण लाव," मी म्हटलं.

"का?"

मी गाडी सोडली. दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेतलं, रेघ दिसली, आणि पाच दिवसांच्या सवयीनं मी पाय जरा जोरातच दिला. गाडी जागच्या जागी खिळली. रेघ अजून चार हात लांब होती. मागचं एक पोतं फुटलं, फुर्बाची टोपी काचेवर जाऊन आपटली आणि चहा त्याच्या मिशांवर. बाजारात असा हशा उठला की वरच्या मठातले दोन लामा कठड्यावर येऊन बघायला लागले.

रस्त्याच्या कडेला धनहांग उभा होता. त्याचा उजवा पाय धुळीत घट्ट रुतलेला, आणि चेहऱ्यावर गुडघ्याची कळ. तिथे उभा राहूनही तो ब्रेक दाबत होता!

दुसऱ्यांदा मी रेघेपासून हातभर अलीकडे थांबले. तिसऱ्यांदा पुढचं चाक रेघेला टेकवून थांबवलं, एक दाणा चुना विस्कटला नाही. तेवढं मी मुद्दाम केलं. मला दाखवायचं होतं.

फुर्बा उतरला. त्यानं टोपी झटकली, पेडल हातानं एकदा दाबून बघितलं, पुन्हा बघितलं. मग सगळ्यांसमोर ओरडला, "एकोणीस नंबर, पास!" आणि हळूच मला म्हणाला, "दाजूंच्या हातात सुद्धा इतकं घट्ट नव्हतं." मला त्या क्षणी तो इतका आवडला की सांडलेल्या चहाबद्दल मी माफी मागणार होते. नाही मागितली.

दुपारी मी गोरेमानकडे चाचणीसाठी मागून नेलेले पाने परत द्यायला गेले, तर अंगणात सहा लँडरोव्हर. सहाही नाक दरीकडे करून, शेपटीला साखळदंड, दोर, एकीला तर गाईचं दावं. बॉनेटं उघडी, आणि सहा मिशाळ ड्रायव्हर पेडलशी वाकून हातानं हलकेच दाबत आणि सोडत. त्यातली तिसरी गाडी फुर्बाची होती.

"माझी गेली दोन वर्षं जराशी मऊच आहे, भाउजू," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "कुणाला बोललो नव्हतो."

"हळू," मी म्हटलं. "हवेला घाई चालत नाही."

सोमवारी पाहुणे घेऊन संदकफूला गेले, मंगळवारी उतरले. मागे कोलकात्याची सहा माणसं, गाणी म्हणत होती. भालेढुंग्याचं वळण आलं. मी ब्रेक दाबला, गाडी जागेवर दबली, आणि मला सवयीनं शेजारच्या पत्र्याचा आवाज यायची वाट बघावीशी वाटली. आवाज आला नाही. बघते तर धनहांग झोपला होता. तोंड उघडं, डोकं खिडकीला, आणि दोन्ही पाय सीटवर वर घेऊन पोटाशी धरलेले. चटईचं भोक रिकामं होतं.

एकतीस वर्षांत या उतारावर तो कधी झोपला नसेल. मी पुढचं वळण जरा जास्तच सावकाश घेतलं आणि घर येईपर्यंत त्याला उठवलं नाही.